सहभागी क्रमांक नऊ

माझ्या सहीचा कागद लावल्याशिवाय आमच्या कॉलेजात कुणाचाही प्रबंध बांधायला घेत नाहीत. 'सदर प्रबंधाची इंग्रजी भाषा तपासण्यात आली असून ती योग्य आढळली आहे,' एवढंच त्या कागदावर असतं, आणि खाली माझं नाव, इलुमिनादा गाकोस्ता. पस्तीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, पण लाल पेन काही खाली ठेवलं नाही. तोंडावर सगळे मला मॅम लुमिंग म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते काही फार खोटं नाही.

माझे नियम सोपे आहेत. लिहिणाऱ्यानं स्वतःला 'प्रस्तुत संशोधक' म्हणायचं. 'खूप', 'भयंकर', 'बिचारे' असले शब्द चालणार नाहीत. मुलाखत देताना कुणी रडलं, तर 'भावनिक प्रतिसाद नोंदवण्यात आला'. मासळीबाजारात बोलतो तसं कागदावर बोलायचं नाही. मासळीबाजाराला मी नावं ठेवत नाही, माझी आई जन्मभर तिथेच बसली. म्हणून तर सांगते.

त्या शुक्रवारी सकाळी आठला मेलित दारात उभी राहिली. एर्मेलिता मकाबेन्ता, माझीच जुनी विद्यार्थिनी, आता ताग्बुलोदच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. एका हातात प्रबंध, दुसऱ्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेल्या सुमानांची, चिकट भाताच्या वड्यांची, जुडी. आमच्याकडे प्रबंध तपासायला देताना रिकाम्या हातानं येत नाहीत.

"मॅम, आज पाचपर्यंत द्यायचाय."

"आज पाच? आणि मी काय छापखाना आहे?"

"सात वर्षं आज संपतात, मॅम. तीनदा मुदत वाढवून घेतली. आज दिला नाही तर नावच काढून टाकतात. मग परत पहिल्यापासून."

"सात वर्षं झोपली होतीस का?"

"नाही," ती म्हणाली. "झोप येत नाही, म्हणून तर लिहिला."

मी प्रबंध ओढून घेतला. एकशे त्रेचाळीस पानं. आठ वर्षांपूर्वीच्या वादळात ताग्बुलोदच्या किनाऱ्यावरची माणसं घरं सोडून का गेली नाहीत, हा विषय. विषय कशाला, त्या वस्तीची जखमच ती. एकेचाळीस माणसं गेली. नंतर प्रांताचा अहवाल आला, त्यात एकच ओळ: 'वेळेवर सूचना देण्यात येऊनही रहिवाशांनी स्थलांतरास नकार दिला.' तेव्हापासून ताग्बुलोदचा माणूस कुठंही गेला की लोक म्हणतात, हा त्या हट्टी गावचा. नव्या बंधाऱ्याचा अर्ज केला, तर कचेरीतला कारकून म्हणाला, बंधारा घेऊन काय करणार, तुम्ही ऐकता थोडंच. मेलितला ती ओळ पुसायची होती. अहवालाला उत्तर द्यायचं तर अहवालासारखाच कागद हवा, लायब्ररीत राहणारा, असं तिचं गणित. गणितात चूक नव्हती.

"बस," मी म्हटलं. "आणि मध्येमध्ये बोलू नकोस."

पंखा लावला, लाल पेन काढलं. दहा वाजेपर्यंत चाळीस पानं झाली. तिचं इंग्रजी बरं होतं. माझीच विद्यार्थिनी ना. पण मध्येच ती घसरायची. 'लोक हट्टी नव्हते, त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही,' असं एका ठिकाणी लिहिलं होतं.

"हे काय? भांडतेयस का कुणाशी?"

"हो, मॅम."

"प्रबंधात भांडत नाहीत. 'सूचनेच्या आकलनात त्रुटी आढळून आली' असं लिही."

तिनं लिहिलं. वहीवर मान खाली घालून लिहिण्याची तिची पद्धत शाळेतलीच होती, जीभ जरा बाहेर काढून. पण केस कानांपाशी पांढरे झाले होते. छत्तिशीची बाई ती.

चौथ्या प्रकरणात मुलाखती होत्या. नियमाप्रमाणे नावं काढून सहभागी क्रमांक एक, दोन, तीन असं लिहिलेलं. एक कोळी, एक नारळ सोलणारा, एक म्हातारी. सगळ्यांचं म्हणणं जवळजवळ एकच. देवळाच्या भिंतीवर इंग्रजी कागद लावला होता. आम्हाला वाचता येईना. टीचरनं वाचून सांगितलं, काळजी घ्या म्हणतात, नेहमीसारखंच. टीचर म्हणाली म्हणून थांबलो.

टीचर म्हणाली. आठपैकी आठ जणांनी हेच सांगितलं होतं. मी मेलितकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मग सहभागी क्रमांक नऊ आला. चार पानं होती, आणि सूर वेगळा. ही बाई शिकलेली होती, वाक्यं पूर्ण करायची. नवरा जहाजावर, परदेशात. घरात ती आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलगी म्हणाली, आई, आपण डोंगरावर मावशीकडे जाऊया ना. आई म्हणाली, नको, कागदात तसं काही लिहिलेलं नाही. पहाटे पाणी आलं तेव्हा आईनं पोरीला टेबलावर उभं केलं, मग कपाटावर, मग छपराच्या वाशाला धरायला सांगितलं. 'ती मला विचारत होती, आता कुठं, आता कुठं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी तिची टीचर पण होते.'

माझं पेन थांबलं. मेलितच्या मुलीचं नाव जेनालिन होतं. सापडली नाही ती.

"मेलित," मी म्हटलं, "क्रमांक नऊ तू आहेस."

ती सुमानांची जुडी उगाच सरळ करत बसली.

"अगं बोल! स्वतःचीच मुलाखत घेतलीस?"

"घेतली, मॅम. मोबाइलवर रेकॉर्ड केली. आधी प्रश्न विचारला, मग खुर्ची बदलून उत्तर दिलं. संमतीपत्रावर दोन्हीकडे मीच सही केली." ती हसली, आणि ते हसू बघवेना. "काय करू मग? प्रस्तुत संशोधकाला मुलगी नसते ना, मॅम. त्याला काहीच नसतं. मला कुठंतरी बसायचं होतं, म्हणून त्यांच्याच रांगेत बसले. शेवटी."

"ही फसवणूक आहे. परीक्षकांच्या लक्षात आलं तर प्रबंध तर जाईलच, नोकरीही जाईल."

"तोंडी परीक्षेत नाही आलं लक्षात."

"ते चार पानंसुद्धा वाचत नाहीत, नुसतं जेवून जातात. मी वाचते!"

मग ती उठली आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसली. माझे गुडघे धरले. एवढी मोठी बाई.

"मॅम, नऊ काढला तर उरतं काय? आठ जण म्हणतात, टीचर म्हणाली. टीचरनं का सांगितलं, ते कोण बोलणार? मी तो कागद वाचला, मॅम. प्रत्येक शब्द मला कळला. नुसती भीती वाटली नाही. असा कसा कागद, की सगळा समजतो आणि भीती वाटत नाही? आठ वर्षं मी हाच विचार करतेय. मला इंग्रजी कमी येतं म्हणून झालं का? तुम्ही सांगा. तो मागे जोडलाय, बघा. त्यात एक चूक नाही, मॅम. मी शंभरदा तपासला. इतकं सुंदर इंग्रजी आपल्या भागात कुणाला येतं, तेच मला कळत नाही."

मी मागची पानं उलटली. परिशिष्टात फोटो होता. ओला होऊन सुकलेला कागद, खाली नगरपालिकेचा शिक्का.

'सखल किनारी भागातील रहिवाशांना सूचित करण्यात येते की, संभाव्य प्रतिकूल हवामान व तदनुषंगिक सागरी पातळीतील वाढ विचारात घेता, योग्य ती खबरदारी घेण्यात यावी व आवश्यकतेनुसार उंच स्थळी स्थलांतराचा विचार करण्यात यावा.'

खरंच एक चूक नव्हती. असणार कशी? ते मी लिहिलं होतं.

खोटं नाही सांगत, पहिल्यांदा मनात आलं ते हे: परिशिष्ट काढून टाकावं. म्हणावं, अनावश्यक आहे, पानं वाढतात. मेलितनं माझं ऐकलं असतं, तिनं नेहमीच ऐकलंय. आणि कागद लिहिणाऱ्याचं नाव माहीत असलेला एकच माणूस होता, वस्तीचा निवडून आलेला प्रमुख, कपितान, तो त्याच वादळात गेला. बेटावरच्या चार घरांना बोलवायला होडी घेऊन गेला होता.

वादळाच्या आदल्या दिवशी तो माझ्या याच ओट्यावर आला होता. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर आमच्या वाराय भाषेत लिहिलेलं: पाणी येणार आहे. नारळाच्या झाडाएवढं. सामान सोडा, पोरं उचला, डोंगरावर पळा, आजच. म्हणाला, मॅम, नगरपालिका इंग्रजीशिवाय शिक्का मारत नाही, आणि गेल्या खेपेला माझं इंग्रजी वाचून सगळं ऑफिस हसलं, तेवढं नीट करून द्या. मी पान वाचलं आणि त्यालाच हसले. म्हटलं, कपितान, ही सरकारी सूचना आहे की कोळणीची आरोळी? लोकांना घाबरवून सोडणार का? मग लिहून दिलं. अर्धा तास घेतला, दोनदा खोडून सुधारलं. मला ते फार आवडलं होतं. माझं घर डोंगरावर, पाणी माझ्या अंगणातही आलं नाही. नंतर आठ वर्षं मी स्वतःला सांगत राहिले, की कागद लागला होता, लोकांनीच ऐकलं नाही. प्रांताचा अहवाल वाचून मला बरं वाटलं होतं. आता लपवून काय करू? बरंच वाटलं होतं.

"ऊठ," मी मेलितला म्हटलं. "वर बस. हा कागद मी लिहिलाय."

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, वहीचं पान, शिक्का, कोळणीची आरोळी. सांगताना माझा आवाज वर्गात असतो तसाच निघत होता. त्याचीच मला शिसारी आली.



"म्हणजे त्यानं तुम्हाला सांगितलं होतं," ती हळू म्हणाली. "पाणी नारळाएवढं येणार म्हणून."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मी आठ वर्षं डिक्शनरी घेऊन बसलेय, मॅम." तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायला सुरुवात केली. मी तिचे हात धरले, तर तिनं झटकले. "हात नका लावू! मी तिला सांगितलं, कागदात लिहिलेलं नाही. पोर म्हणत होती चल, आणि मी तिला सांगितलं, कागदात तसं लिहिलेलं नाही!"

मी माफी मागितली. काय बोलले ते आठवत नाही. ती ऐकत नव्हती. मग एकदम थांबली, डोळे पुसले, घड्याळ बघितलं. पावणेतीन.

"रडायला नंतर बसू," ती म्हणाली. "नऊ नंबर काढा. त्या जागी तुम्ही बसा. आत्ता मी तुमची मुलाखत घेते. सही करा, नाव नाही येणार. चला."

मी संमतीपत्रावर सही केली, आणि तिनं मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवला. तिनं विचारलं, मी सांगितलं, आमच्याच भाषेत. तिनं लगेच त्याचं इंग्रजी करून लॅपटॉपवर टाइप केलं. मी एक अक्षर दुरुस्त केलं नाही. चारला आम्ही कॉलेजसाठी ट्रायसिकल रिक्षा पकडली. वाटेत खड्डा आला की ती प्रबंध छातीशी धरायची.

डीनसुद्धा माझाच विद्यार्थी, रोदेल. मला बघून खुर्चीतून उठला. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाईट माणूस नाही तो.

"मॅम, तोंडी परीक्षा झाल्यावर नवी माहिती घालता येत नाही. नवा सहभागी म्हणजे नैतिकता समितीकडे अर्ज, समिती बसणार जूनमध्ये. आणि हिची मुदत आज संपते."

"मग मुदत वाढव."

"तीनदा वाढवली. माझ्या हातात असतं तर..." तो मेलितकडे वळला. "क्रमांक नऊचं मी ऐकलंच नाही असं समजतो. ती पानं काढा. आठ सहभागी पुरेसे आहेत. आत्ता दिलात तर घेतो."

"आणि कागद कुणी लिहिला ते?" मी विचारलं.

त्यानं पान काढून दाखवलं. "इथं लिहिलंय ना. 'सूचनेच्या लेखकाचा शोध लागू शकला नाही.' तेच राहू दे."

"अरे, शोध कसला लागला नाही? मी तुझ्यासमोर उभी आहे!"

"मॅम," तो खाली बघत म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत. समोर उभं असलेलं धरत नाहीत. कागदावर, रीतसर, वेळेत असावं लागतं."

मी मेलितला बाहेर ओढलं. साडेचार वाजून गेले होते. म्हटलं, देऊ नकोस असा. नऊ गेला, मी गेले, मग तुझ्या प्रबंधात राहतं काय? आठ माणसांनी सांगितलेलं, की टीचर म्हणाली म्हणून थांबलो. वाचणारा म्हणेल, टीचर मूर्ख होती. तुझ्याच नावाच्या पुस्तकात तूच गुन्हेगार. जून येईल, पुन्हा नाव घाल, मी येते तुझ्याबरोबर, सगळं करू.

"पुन्हा सात वर्षं?" ती म्हणाली. "लोला पासिंग ब्याऐंशीची आहे, मॅम. सहभागी क्रमांक तीन. तिचे दोन मुलगे गेले. बाजारात तिला अजून हट्टी म्हणतात." तिनं रुमालानं नाक पुसलं. "ते हट्टी नव्हते, टीचरनं चुकीचं सांगितलं. एवढं तरी खरं आहे ना? एवढं लिहून राहू दे."

"खरं नाही ते!"

"माझ्या पोरीपुरतं खरं आहे," ती म्हणाली.

तिनं तिथेच, पायरीवर बसून, स्वतःची, क्रमांक नऊची चार पानं काढली. एकेक, सावकाश, कोपरा न दुमडता. मग मला भाषा तपासल्याचा तो कागद आणि पेन दिलं. मी सही केली. तुम्ही म्हणाल, का केली. नसती केली तर तेही गेलं असतं. पाचला सात मिनिटं असताना रोदेलनं प्रबंध घेतला आणि शिक्का मारला. बाहेर येऊन मेलितनं ती चार पानं पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "रविवारी मिस्सा झाल्यावर ताग्बुलोदला या. तिथं समिती नाही."

मी गेले. जाईन असं मलाच वाटलं नव्हतं. शनिवारी रात्री तीनदा ताप आहे का बघितला, नव्हता.

देवळाबाहेरच्या बाकांवर आठही जण बसले होते, आणखी पंचवीसेक माणसं उभी. मेलितनं कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. मॅम लुमिंग बोलणार आहेत, एवढंच. लोकांनी मला खुर्ची दिली, एकानं शहाळं आणून हातात ठेवलं. इतका मान दिला की मला पळून जावंसं वाटलं. मी उभी राहिले. आमच्या भाषेत काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, चार वाक्यं, पाठ केलेली. तोंड उघडलं आणि इंग्रजी निघालं. 'सदर सूचनेच्या मसुद्यातील उणिवांबद्दल खेद व्यक्त करण्यात येतो,' असलं काहीतरी. मला ऐकू येत होतं मी काय बोलतेय ते, आणि थांबता येत नव्हतं. लोक आदरानं माना हलवत होते. कुणाला काही कळत नव्हतं.

मग सवयीनं सगळ्यांनी टीचरकडे पाहिलं.

मेलित मागे, भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "त्या सांगतायत, कपिताननं लिहिलं होतं, पाणी नारळाएवढं येणार, पोरं उचला आणि पळा. ते यांना बरं दिसलं नाही. म्हणून यांनी तो कागद लिहिला."

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं दगड मारतील, मी तयारीनं आले होते. शहाळं देणाऱ्या माणसानं माझ्या हातातून शहाळं काढून घेतलं आणि खाली ठेवलं. लोला पासिंग पहिल्याच बाकावर होती. तिनं कानाला हात लावून शेजारच्या बाईकडून सगळं परत ऐकलं. मग माझ्याकडे बघून, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं, तिनं विचारलं, "'पळा' लिहायला काय झालं होतं, मॅम?"

ती वाट बघत बसली.